ट्रॅक्टरचे वय

मुलांनो, बैलाचे वय त्याच्या दातांवरून ओळखतात, हे तुम्ही ऐकले असेल. पण ट्रॅक्टरचे वय कसे ओळखाल?

कोलशेत हे ठाण्याचे खाडीकाठचे जुने गाव. आज तिथे उंच उंच इमारती आहेत. तिथल्या एका काकांनी आपला जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून, लाल रंग देऊन दारात उभा केला. मी तो पाहायला गेलो. त्यांचा नातू म्हणाला, "सर, यावर 'सन १९६३' रंगवतो. जितका जुना, तितकी किंमत जास्त!"

"थांब बाळा, आधी खात्री करू," काका म्हणाले.

नवा रंग वय सांगत नाही, उलट लपवतो. म्हणून आम्ही आधी पत्र्याची पट्टी पुसली. तिच्यावर 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' हे नाव आणि 'बी-२७५' हे मॉडेल होते. ही कंपनी १९६३ साली महिंद्रा अँड महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत काढली. १९७७ साली ती महिंद्रामध्ये विलीन झाली.

पण पट्टी काय, दुसऱ्या ट्रॅक्टरचीही लावता येते! लोखंडावर ठोकलेला क्रमांक बदलणे मात्र कठीण. काकांनी पेटीतून आर.सी. बुक काढले. त्यातला आणि ट्रॅक्टरवरचा क्रमांक एकच निघाला. नोंदणी १९७४ सालची होती.

मग ट्रॅक्टर १९७४ साली बनला का? तसे म्हणता येत नाही. ट्रॅक्टर आधी बनतो, मग विकला जातो, मग त्याची नोंदणी होते. तो १९६३ च्या आधीचा नाही आणि १९७४ च्या नंतरचा नाही, एवढेच नक्की. नेमके साल हवे असेल, तर तो क्रमांक कंपनीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो.

नातू हिरमुसला. काका म्हणाले, "बाळा, याने आपल्या भातशेतीची चिखलणी केली. आता शेत राहिले नाही, हाच राहिला. याच्या अंगावर खोटे साल नको." शेवटी त्याच्यावर 'बी-२७५, नोंदणी सन १९७४' एवढेच रंगवले.

मुलांनो, सन, साल, तारीख हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. उर्दूत तर 'तारीख' म्हणजे इतिहाससुद्धा! म्हणून जुन्या वस्तूवर तारीख घालताना पुरावा जेवढे सांगतो, तेवढेच लिहावे.