यंत्राची कैफियत

खामगावचे आणि कापसाचे नाते इतके जुने आहे की, जलंबपासून गावापर्यंतचा रेल्वेचा छोटासा फाटा 1870 साली प्रामुख्याने कापसाच्या वाहतुकीसाठीच घालण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला म्हणजे आजही कारखान्यांच्या आसपासच्या वस्तीत रुईचे बारीक तंतू हवेतून तरंगत येतात आणि कपड्यांवर, केसांवर, खिडकीच्या जाळीवर बसून राहतात. माझ्या धाकट्या भावाचे घर अशाच एका आवाराला लागून आहे, आणि ज्या लॅपटॉपची ही हकीकत आहे तो त्या घरातील खिडकीशी मांडलेल्या टेबलावर चालत असे. दुकानात त्याला गेमिंग लॅपटॉप म्हणतात, आणि पुतण्या रात्री त्यावर खेळतही असे. परंतु भावाने पतसंस्थेचे कर्ज काढून तो घेतला तो मुलाच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी, कारण यंत्रभागांची त्रिमितीय चित्रे काढावयाची तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावाचून निभाव लागत नाही.

वैशाखाच्या ऐन तापात, प्रकल्प सादर करण्याची मुदत तोंडावर आलेली असताना, ते यंत्र चालू होईनासे झाले. "काका, स्क्रीन काळीच राह्यते, अन् नुसतं वाजते," एवढेच तो मला म्हणाला. त्यापूर्वी तो एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आला होता, आणि तेथील इसमाने झाकण न उघडताच, नुसते बटण दाबून पाहून, मदरबोर्ड गेला असा निवाडा दिला होता. नव्या बोर्डाचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याच्या घरात जात होता. मला याचा मनस्वी संताप आला. माझी सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरात गेली, आणि अर्जदाराची कैफियत वाचल्याशिवाय अर्ज निकालात काढणे हा तेथे अन्यायच समजला जाई. येथे तर अर्जदार बटण दाबताक्षणी दर वेळी तीच कैफियत मोठ्याने मांडत होता. दोन बीप, मग थोडा विराम, पुन्हा दोन बीप.

या आवाजाचे मर्म असे की, यंत्राला वीज मिळताच प्रोसेसर प्रथम बायोस नावाच्या एका लहानशा चिपमध्ये साठवलेल्या सूचना वाचू लागतो आणि त्या सूचनांनुसार एकेका अवयवाची हजेरी घेतो. ही तपासणी पुरी होऊन पडद्याचे मंडल जागे होईपर्यंत यंत्राला काही लिहून दाखविण्याची सोय नसते, म्हणून वाटेत दोष आढळला तर तो आवाजाने कळविण्याची प्रथा पडली. 1981 साली आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आला तेव्हापासून ती चालत आली आहे: त्यात एक आखूड बीप म्हणजे सर्व ठीक, आणि एक लांब व दोन आखूड म्हणजे पडद्याच्या मंडलात बिघाड. पुढे प्रत्येक निर्मात्याने आपापली परिभाषा ठरविली, त्यामुळे एका कंपनीचा तक्ता दुसरीच्या यंत्राला लावणे व्यर्थ असते. आम्ही त्या मॉडेलचीच पुस्तिका मिळविली, आणि तीत दोन बीपांसमोर रॅमचा दोष असे स्वच्छ नमूद होते. शिवाय जे यंत्र ठरावीक लयीत वाजू शकते, त्याला वीज पोहोचते आहे, त्याचा प्रोसेसर चालतो आहे आणि बायोसही वाचले जात आहे, एवढ्या गोष्टी त्या आवाजानेच शाबीत होतात. असे असता संपूर्ण बोर्ड मृत ठरविण्यास काय आधार होता, हे मला आजही उमगलेले नाही.

प्रथम अडॅप्टर काढून ठेवून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, कारण मंडलात उरलेली वीज निघून गेल्याने कित्येकदा एवढ्यावरच काम भागते. भागले नाही. मग टेबलावर कोरा कागद पसरून त्यावर यंत्राच्या तळाची आकृती काढली आणि जो स्क्रू जेथून निघाला तेथेच त्या आकृतीवर ठेविला. हे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला गेला तर तो आतील बोर्डाला इजा करू शकतो. जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने झाकण सोडविले. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते व तिची एक ठिणगी नाजूक चिपला पुरते, म्हणून आत हात घालण्यापूर्वी आम्ही दोघांनीही खिडकीच्या लोखंडी गजाला स्पर्श केला आणि सर्वांआधी बॅटरीची जोडणी सोडविली.

आत जे दृष्टीस पडले त्याने भाऊही खाली वाकून पाहू लागला. पंख्यांतून बाहेर पडणारी हवा तांब्याच्या नळ्यांशी जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून जाते. त्या जाळीच्या तोंडावर रुई आणि काळ्या मातीची धूळ मिळून नमद्यासारखा घट्ट थर बसला होता, आणि चिमट्याने तो ओढला तेव्हा अखंड पट्टीच्या पट्टी निघून आली. एवढी वाट बुजल्यावर आतली उष्णता जाणार कोठे? बाहेर पारा चाळीस अंशांच्या पुढे असताना असे यंत्र रोज तापते व निवते, आणि त्या प्रसरण-आकुंचनाचा ताण बारीक डाखांवर व जोडण्यांवर पडत राहतो.

रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीच होत्या. बाजूच्या कळा अलगद फाकविताच पट्टी तिरपी उचलली जाते. या डीडीआर-4 जातीच्या पट्टीच्या काठावर 260 सोनेरी संपर्कबिंदू असतात. त्यांच्यावर मळकट छटा आली होती, ती मऊ खोडरबराने हलकेच पुसून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलाने स्वच्छ केली. यानंतर पुतण्याला दोन्ही पट्ट्या एकदम बसवून पाहण्याची घाई झाली. ती मी करू दिली नाही, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच दोष कोणाचा हे ठरते. दोन पट्ट्या आणि दोन खाचा यांच्या चार जोड्या होतात. पहिली पट्टी पहिल्या खाचेत बसविली, बीप आले. तीच दुसऱ्या खाचेत बसविली, तरीही आले. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत बसविताच मात्र आवाज बंद झाला. पण पडदाही काळाच! पोराचा हात बटणाकडे गेला, तो मी धरला. रॅममध्ये फेरबदल झाला की यंत्र तिच्याशी जुळवून घेण्यास प्रारंभी वेळ लावते, आणि त्या अवधीत स्क्रीन काळी राहणे स्वाभाविक असते. थोड्या वेळाने निर्मात्याचे चिन्ह उमटले, आणि दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी देवघराकडे पाहून हात जोडले. हीच पट्टी दुसऱ्या खाचेतही चालली. म्हणजे खाचा निर्दोष, बोर्ड निर्दोष, सदोष ती एकटी पहिली पट्टी.

प्रकल्प उरलेल्या एका पट्टीवरच पुरा झाला. मोठी चित्रे उघडण्यास विलंब लागे, पण मुदत चुकली नाही. सदोष पट्टी हमीच्या मुदतीत असल्याने पावतीसह रवाना केली, आणि बदली पट्टी आली ती पुतण्याने स्वतःच बसविली. टेबल त्याने खिडकीपासून हलविले आहे, आणि हंगाम संपताच जाळी साफ करण्याचे काम भावाने आपल्याकडे घेतले आहे. आमच्या तालुक्यात अशा मुलांची उणीव नाही, ज्यांच्या घरी कर्जाचे यंत्र आहे आणि दुकानदाराच्या एका वाक्यावाचून दुसरा सल्ला नाही; त्यांच्यासाठी निरनिराळ्या निर्मात्यांच्या बीपांचे तक्ते मी मराठीत उतरवून घेत आहे, आणि पुतण्या व त्याचे मित्र ते प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेशी ताडून पाहत आहेत.