तिचिनोचा बोगदा कोणी खणला?

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातलं गाणं येतं. बर्फ, हिरवी कुरणं आणि साडीचा पदर उडवत धावणारी नायिका. त्या चित्रात राबणारा माणूस कुठे दिसतो का? मलाही कधी दिसला नव्हता. भाची झुरिचला शिकायला आहे म्हणून गेल्या मे महिन्यात तिकडे जाणं झालं. आल्प्सच्या दक्षिण उतारावरच्या तिचिनो प्रांतात आम्ही चार दिवस फिरलो. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, तो तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक सांगितलं पाहिजे. माझे आजोबा बोरघाटात रेल्वेचे गँगमन होते. लहानपणी पुण्याला जाताना बोगदा आला की आजी म्हणायची, "बघ, तुझ्या आजाची जागा." त्यामुळे बोगदा आला की गप्प होऊन खिडकीबाहेर बघायची सवय लागली, ती अजून आहे.

झुरिचच्या मुख्य स्टेशनासमोर एका माणसाचा भव्य पुतळा आहे. हा आल्फ्रेड एशर, गोथार्ड रेल्वेचा कर्ताधर्ता, मोठा राजकारणी आणि बँकवाला. पुतळा १८८९ मध्ये उभा राहिला. तो बघून आम्ही गाडीत बसलो. २०१६ मध्ये सुरू झालेला नवा गोथार्ड बोगदा ५७ किलोमीटरचा आहे. सुमारे वीस मिनिटं अंधार, आणि बाहेर येताच गाडीतल्या सूचना जर्मनऐवजी आधी इटालियनमध्ये सुरू झाल्या. थोडं पुढे गेल्यावर ताडाची झाडं दिसू लागली. एकाच देशात आम्ही जणू ऋतू बदलून आलो होतो.

लुगानो सुंदर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तळ्याच्या दोन अंगांना मोंते ब्रे आणि सान साल्वातोरे हे डोंगर आहेत, दोन्हींवर दोराने ओढली जाणारी रेल्वे जाते. वरून तळ्याचे फाटे दऱ्याखोऱ्यांत शिरलेले दिसतात. आम्हीही फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं. आपल्या माणसांनी जग बघावं, मजेत बघावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण बेलिंझोनाचे तीन किल्ले बघताना भाचीने विचारलं, "मामा, हे किल्ले कोणापासून वाचायला?" माहिती वाचली तेव्हा कळलं की हा प्रांत जवळजवळ तीनशे वर्षं उत्तरेकडच्या स्विस राज्यांचा अंकित होता. तिकडून आलेले अंमलदार इथे राज्य करायचे. त्यातले अनेक जण पैसे मोजून पद मिळवायचे आणि तो पैसा दंड-वसुलीतून काढायचे. किल्ल्यांनाही मालकांचीच नावं होती: उरी, श्वित्स, उंटरवाल्डेन. १७९८ मध्ये ही गुलामी संपली आणि १८०३ मध्ये तिचिनोला बरोबरीच्या राज्याचा दर्जा मिळाला. ज्या देशाची लोकशाही जगाला आदर्श म्हणून सांगितली जाते, त्याच देशात एका भागाने दुसऱ्या भागाला प्रजा करून ठेवलं होतं. आणि बायकांना देशपातळीवर मताचा हक्क तर १९७१ मध्ये मिळाला! तिथे सगळं आधीपासूनच छान होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसऱ्या दिवशी लोकार्नोहून वेर्झास्का खोऱ्यात गेलो. पाचूसारखं पाणी, त्यावर दोन कमानींचा दगडी पूल, खडकांवर ऊन खात पडलेली माणसं. याच खोऱ्यातली गरिबांची पोरं एकेकाळी हिवाळ्यात मिलानला पाठवली जायची. कशाला? धुराडी साफ करायला. अंग बारीक म्हणून पोरगं वर चढवायचं आणि काजळी खरवडून काढायला लावायचं. घरी चेस्टनटवर आणि मक्याच्या घट्ट घाट्यावर दिवस काढणाऱ्या आईबापांना दुसरा मार्ग नव्हता. तोच घाटा आता 'पोलेंता' म्हणून झाडाखालच्या हॉटेलात महाग मिळतो. आम्ही खाल्ला, चवीला चांगला आहे.

शेवटच्या दिवशी मात्र मी हट्ट धरला की परत जाताना नवा बोगदा नको, जुन्या मार्गाने जाऊ. ही गाडी डोंगराच्या पोटात गोल वळसे घेत चढते आणि आयरोलोला पोहोचते. तिथे १५ किलोमीटरच्या जुन्या बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड आहे. १८७२ ते १८८२ हे काम चाललं. मजूर बहुतेक इटलीतले गरीब. आत सुरुंगाचा धूर, असह्य उष्मा, गुडघाभर घाण पाणी. त्या घाणीतून पोटात जंत जाऊन रक्त आटायचं. अपघातांत सुमारे दोनशे माणसं मेली; आजाराने खंगून गावी जाऊन मेली त्यांची मोजदाद कोण ठेवणार? १८७५ मध्ये पलीकडच्या ग्योशेनेनला मजुरांनी संप केला, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार जण ठार झाले.

आयरोलो स्टेशनजवळ एक कांस्यशिल्प आहे, 'श्रमाचे बळी'. अंधाऱ्या बोगद्यातून मजूर आपल्या मेलेल्या सोबत्याला वाहून नेत आहेत. हे शिल्प विंचेंत्सो वेला याचं. तो याच प्रांतातल्या लिगोर्नेत्तो गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी दगडाच्या खाणीत राबलेला. रोममधल्या गुलामांच्या बंडाचा नेता स्पार्टाकस याचं शिल्प त्याने घडवलं आणि स्वतःच्या मुलाचं नावही स्पार्ताको ठेवलं. बोगदा पुरा झाला तेव्हा कोणीही काम न देता त्याने हे शिल्प केलं आणि १८८३ मध्ये झुरिचच्या प्रदर्शनात मांडलं. पण ते कांस्यात ओतून आयरोलोत उभं राहायला १९३२ साल उजाडलं.

मित्रांनो, हिशोब करा. मालकाचा पुतळा सात वर्षांत. मजुरांचं स्मारक पन्नास वर्षांनी. आणि तेही कधी? खाणीत राबलेल्या एकाने आपल्या माणसांची आठवण ठेवली म्हणून.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. नवा, जवळजवळ चौपट लांबीचा बोगदा खणताना नऊ कामगार मेले. नऊसुद्धा जास्तच. पण दोनशेवरून नऊवर येणं हे डोंगराच्या दयेने झालं नाही. संघटना, कायदे आणि मेलेल्यांची मोजदाद ठेवण्याची सवय यातून ते झालं. ज्याची नोंद होते, त्याच्या जिवाला किंमत येते.

शिल्पासमोर उभा होतो तेव्हा बोरघाट आठवला. १८५६ ते १८६३ या काळात तो घाट फोडताना पटकीने, तापाने, अपघाताने हजारो मजूर मेले. इंजिनियरांची, ठेकेदारांची नावं पुस्तकांत सापडतात. मजुरांची? भीमा कोरेगावच्या स्तंभावर आपण एक जानेवारीला का जातो? कारण तिथे दगडावर 'नाक' लागलेली नावं कोरलेली आहेत. ती नावं नसती तर आपला इतिहास आपल्याला कोणी खरा मानू दिला असता का?

घरी आल्यावर आत्याला फोन केला. आजोबांच्या गँगमध्ये कोण कोण होतं? तिला चार नावं आठवली, त्यातलं एक टोपणनाव. वहीत लिहून ठेवली आहेत. तुमच्याही घरात गिरणीत, रेल्वेत, गोदीत, रस्त्यावर राबलेलं कोणी असेल. जुनी माणसं आहेत तोवर विचारा. गाव, काम, साल, नाव लिहा. आपल्यासाठी कोणी वेला येईल याची वाट बघत बसू नका.

जय भीम.