चार आकड्यांची सोबत

कापसाच्या दिवसांत आदिलाबादहून बेला गावी जाणारी वाट मोठी देखणी असते. दुतर्फा पांढरी फुललेली शेते, आडतीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, वाटेत जैनथचे लक्ष्मीनारायणाचे प्राचीन देऊळ आणि पुढे पैनगंगेच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन. नदीपलीकडे महाराष्ट्र. १९५६ पूर्वी किनवट व राजुरा हे तालुके आमच्याच जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर टिकून आहे.

गेल्या मार्गशीर्षात मी या वाटेने गेलो तो शेअर रिक्षाने. तिच्यात किती माणसे बसवावीत हे कायद्याला ठाऊक. किती मावतात हे फक्त चालकाला! परंतु कोण कोणाची लेक, कोणाला कोणत्या फाट्यावर उतरायचे, हे त्याला पाठ असते. त्याचे गाव, त्याचे वडील आम्हांला ठाऊक असतात. आमच्याकडील प्रवासाची सुरक्षितता पिढ्यान्‌पिढ्या या ओळखीवर उभी आहे. मात्र ही ओळख जशी राखण करते, तशी अडवणूकही करते. जिथवर ओळख, तिथवरच लेकीची पाऊलवाट.

मी निघालो होतो एका माजी विद्यार्थिनीच्या घरी. परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून तिला हैदराबादेत नोकरी मिळाली होती आणि वडील पाठवायला राजी नव्हते. अंगणात बाज टाकून त्यांनी गाऱ्हाणे मांडले, “गुरुजी, बायांले बस फुकट झाली, खरं हाय. पण बस उतरवते अंधारात, ज्युबिली बसस्थानकावर. तिथून पुढचा गाडीवाला कोन्या गावचा, कोनाचा पोरगा, हे कोन सांगन?”

प्रश्न बिनतोड होता. २०१४ च्या डिसेंबरात दिल्लीत मोबाइलवरून बोलावलेल्या उबर गाडीत चालकाने एका तरुणीवर अत्याचार केला. त्यानंतरच संकटसमयीची कळ, प्रवासाचा माग घरच्यांना दाखविण्याची सोय अशा गोष्टी या कंपन्यांनी नेटाने पुढे आणल्या. आज गाडी येण्यापूर्वी चालकाचे नाव, छायाचित्र व गाडीचा क्रमांक फोनवर दिसतो. अनेक ठिकाणी प्रवाशाने चार आकडी संकेत सांगितल्यावाचून प्रवास सुरूच होत नाही. ओळख नाही तेथे पडताळा, एवढेच याचे मर्म.

मी हे सांगितले. पण सांगून येते ते ज्ञान, करून येते ती सवय. तेव्हा अंगणातच पाठ घेतला. वडील झाले चालक, त्यांची मोटारसायकल झाली टॅक्सी. फोनवर आलेला म्हणून मी कागदावर मुद्दाम निराळा क्रमांक लिहून दिला. वडील म्हणाले, “चाला ताई, गाडी बदलली, मानूस तोच हाय.” पोर खाली मान घालून मुकाट्याने बसायला निघाली!

मी थांबविले. “क्रमांक जुळला का?”

“नाही, गुरुजी.”

“मग तसे त्यांना सांग.”

दुसऱ्या खेपेसही शब्द ओठांवरच अडला. वडिलांना ‘नाही’ कसे म्हणावे? तिसऱ्या खेपेस तिने मान वर केली आणि ती स्पष्ट म्हणाली, “नंबर जुळत नाही. मी बसणार नाही.” वडील क्षणभर चपापले, मग हसले. मी मात्र अंतर्मुख झालो. तीस वर्षे मी वर्गात मुलींना नम्रता शिकविली. नकार कधी शिकविलाच नव्हता. कळ यंत्रात असते, पण ती दाबणारे बोट आपण घडवायचे असते.

वडिलांचा फोन साधा, बटनांचा. त्यांना वाटले, हे सारे मोठ्या फोनवाल्यांचे. पण तेलंगणा पोलिसांनी मार्च २०२४ मध्ये ‘टी-सेफ’ सेवा सुरू केली, ती साध्या फोनवरही चालते. १०० किंवा ११२ फिरवून ८ दाबले की प्रवासावर पोलिसांची नजर राहते. खेड्यापाड्यांतील शेअर रिक्षाने जाणाऱ्या बायांनाही ही सोय उपयोगी पडावी. हे आकडे आपण घरोघरी पाठ करून घ्यायला हवेत.

आठ दिवसांनी ती निघाली. पहाटे तिने प्रवासाचा माग माझ्या फोनवर पाठविला. नकाशावर तो इवलासा ठिपका सरकत होता आणि दुसऱ्या फोनवर तिचे वडील दर दोन मिनिटांनी विचारीत होते, “कुठवर आली, गुरुजी?” वसतिगृहापाशी ठिपका थांबला. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. तेव्हा कुठे आम्हां दोघांना चहा आठवला.

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कापसाच्या मापांच्या नोंदीशेजारी त्या गाडीचा क्रमांक लिहिलेला दिसला. खाली चालकाचे नाव. मी विचारले तर म्हणाले, “आता गाव कोनतं, तेवढं विचारायचं राह्यलं.”