दोनशें प्रती

पुस्तक स्वतः छापावें आणि स्वतःच विकावें, हा उद्योग भल्या माणसानें करूं नये, असें आमचे स्नेही नेहमीं सांगत. आम्हीं तो गेल्या वर्षीं केला. पुस्तक आमचें नव्हे, आमच्या वडिलांचें. अण्णांनीं पुण्यांतील एका छापखान्यांत जन्मभर लोकांचे ग्रंथ खिळ्याखिळ्यानें जुळवले, आणि स्वतःचें म्हणून एक वही मागें ठेवली. छापून बरोबर चार फर्मे भरतील इतका तींत मजकूर.

दोनशें प्रतींसाठीं ऑफसेटच्या प्लेटी कराव्यात, हें मुद्रकाला पटेना. प्लेटींचा खर्च २०० ला तोच आणि ५०० ला तोच; वाढतो तो कागद. "साहेब, पांचशें घ्या, प्रत निम्म्यांत पडेल!" आम्हांला मोह पडला, परंतु पलंगाखालची जागा सौभाग्यवतींनीं आधींच मोजून ठेवली होती. अखेर डिजिटल यंत्रावर दोनशेंच काढल्या. प्रत ८० रुपयांस पडली, किंमत १०० ठेवली. दुकानदार शेंकडा ४० मागूं लागला, म्हणजे दर प्रतीमागें २० रुपये आमच्याच पदरचे. तेव्हां पिशवी खांद्याला लावून आम्ही निघालों.

या वाटेनें थोर माणसें गेलेलीं आहेत. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृतींनीं १९५० नंतरच्या दशकांत 'शब्द' हें अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलें. १९७६ सालीं कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' निघाली, ती कवींनींच मिळून चालवलेल्या क्लिअरिंग हाउसतर्फे. पण त्यांना आमचे नातेवाईक नव्हते. आमचे नातेवाईक प्रत हातांत घेतात आणि पहिलें कोरें पान उघडून आमच्यापुढें धरतात. तेथें 'सप्रेम भेट' लिहिण्यावांचून गत्यंतर नसतें!

वहींत एक वाक्य होतें: डिग्रीनें माझे डोळे खाल्ले. अण्णांचें शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या कॉलेजच्या फीसाठीं ते रात्रपाळी करीत. त्याबद्दल ते कधीं चकार शब्द बोलले नाहींत. वहींत मात्र बोलले, असें आम्ही समजलों. तें वाक्य गाळावें असें दोनदां मनांत आलें. गाळलें नाहीं, फक्त 'डिग्री'च्या जागीं शुद्ध मराठींत 'पदवी' केलें.

दिवाळीपूर्वीं एका शाळेच्या व्हरांड्यांत टेबल मांडून बसलों असतां एक वृद्ध गृहस्थ आले. जुने कंपॉझिटर. उभ्या उभ्या चार पानें वाचून त्यांनीं एका ओळीवर बोट ठेवलें.

"हें पदवी काय?"

आम्हीं चांचरत अर्थ सांगितला. ते हंसले नाहींत.

"अहो, डिग्री म्हणजे टाइप! अखंड टाइपांत मात्रा-उकार अक्षराबरोबरच ओतलेले. डिग्रींत ते सुटे. मात्रा वर, अक्षर मधें, उकार खालीं. एका ओळीच्या तीन ओळी जुळवायच्या. तांदळाच्या कणीएवढे तुकडे, आणि दिवा मिणमिणता. डोळे जायचेच."

मग त्यांनीं शंभराची नोट ठेवली, आणि शब्द सुधारून द्या म्हणाले. आम्हीं सुधारून दिला. तो मिणमिणता दिवा रात्रपाळीचाच असणार, हें मात्र त्यांच्यापाशीं बोलण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं.

उरलेल्या १४० प्रती घरीं बसून शाईनें दुरुस्त केल्या. सौभाग्यवती पान काढून देत, आम्ही लिहीत असूं. त्यापूर्वीं गेलेल्या ५९ राहिल्या. पांचशें छापून दुकानांतून विकल्या असत्या, तर हात जोडून बसावें लागलें असतें. पण या सर्व आमच्याच हातून गेलेल्या, त्यामुळें प्रत्येकीचें घर ठाऊक आहे. आजवर ४२ घरीं जाऊन आलों. लोक चहा करतात, मग पुस्तक शोधूं लागतात. चौघांकडे तें कपाटावर दिवाळी अंकांखालीं सांपडलें. एका बाईंनीं मात्र तेंच वाक्य पेन्सिलीनें अधोरेखित करून ठेवलें होतें, तेव्हां तेथें खोडतांना हात जरा थांबला. एक प्रत नागपूरला गेली आहे. तिकडे पत्र टाकलें आहे.