आकाशातील जमा-नावे

सदाशिव पेठेतील आमच्या घराची गच्ची फारशी उंच नाही. सकाळची सामायिक आटोपली की मी तेथे थोडा वेळ बसतो. लोहगावच्या दिशेने एखादे विमान गेले, की मान आपोआप वर होते. आवाजावरून इंजिन ओळखण्याची सवय निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही सुटलेली नाही. लढाऊ विमानाचा गडगडाट झाला की शेजारची मुले गच्चीवर धावत येतात. मी मात्र वाट पाहतो ती पंख्याच्या इंजिनांच्या संथ, जाड घरघरीची. ती आमच्या कुळातली विमाने. त्यांनी शत्रूवर झडप घातली नाही, जन्मभर ओझी वाहिली.

गेल्या चातुर्मासात पाठशाळेच्या मुलांपुढे चार शब्द बोलण्यासाठी मला बोलावले होते. बोलून झाल्यावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, “आजोबा, आपण जैन ना? मग तुम्ही फौजेत कसे गेलात?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझे उत्तरही ठरलेले होते. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. अबूवरील विमलवसही बांधणारा विमलशाह हा सोळंकी राजा भीमदेवाचा दंडनायक होता. आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा, परंतु देशरक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा श्रावकाला सर्वस्वी टाळता येत नाही. शिवाय मी तर मालवाहू विमानाचा वैमानिक. माझ्या हातून एक गोळीही सुटली नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मुलगी खाली बसली.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. माझे उत्तर खोटे नव्हते, पण ते पुरे नव्हते. उरलेले उत्तर आज येथे लिहीत आहे.

आमचे भवानी पेठेत भुसारी दुकान होते. १९६७ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत माझी निवड झाली, तेव्हा बापूजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुकानात मी त्यांच्याशेजारी गादीवर बसावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. बाईने काही न बोलता माझ्या ट्रंकेत मुहपत्ती आणि माळ ठेवली. चार-पाच वर्षांनी मला मालवाहू विमानांकडे पाठवण्यात आले. ते ऐकून बापूजी पहिल्यांदा हसले. म्हणाले, “म्हणजे हमालीच की! मग काही हरकत नाही.”

ते खरेच होते. आग्र्याला मी प्रथम ‘पॅकेट’ विमान उडवले. दोन शेपट्यांचे, पोटाळ विमान. हिमालयातील विरळ हवेत त्याच्या दोन इंजिनांचे बळ अपुरे पडे, म्हणून आपल्या हवाई दलाने त्याच्या पाठीवर एक तिसरे, जेट इंजिन बसवून घेतले होते. याच जातीचे विमान स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी २३ जुलै १९६२ रोजी दौलत बेग ओल्डी येथे, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर उतरवले. आमच्या पिढीच्या वैमानिकांना ही कथा घुटीसारखी पाजली जाई.

विमान भरण्याचे शास्त्र मात्र मला परके वाटले नाही. किती वजन, हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोठे ठेवले हेही. ओझे मागे सरकले तर नाक वर उचलले जाते. पुढे गेले तर विमान धावपट्टी सोडायला कुरकुरते. लहानपणी दुकानातल्या काट्यापुढे बसून जे पाहिले, तेच येथे अधिक धोक्याच्या रूपात पुढे आले.

एकदा रजेवर आलो असताना बापूजींना मी छत्रीविना धान्य टाकण्याची रीत सांगितली. ज्या ठाण्यावर उतरायला जागा नाही, तेथे तांदूळ-पिठाची पोती वरून तशीच सोडत. त्यासाठी धान्य आतल्या पोत्यात सैल भरायचे आणि ते पोते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचे. आपटून आतले फुटले, तरी दाणे बाहेरच्यात राहतात. बापूजींनी हे दोनदा विचारून घेतले. “सैलच भरायचे. ठासून भरलेले पोते आधी फाटते,” असे म्हणून त्यांनी मान हलवली. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी आपणहून काही विचारले, ते त्या दिवशी प्रथमच.

१९८४ पासून सोव्हिएत संघाकडून एएन-३२ विमाने येऊ लागली आणि पुढे मी चंदीगडला गेलो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपले सैन्य सियाचीन हिमनदीवर चढले होते. हिवाळ्यात झोजीला बर्फाखाली गेली की लडाखचा रस्ता बंद होतो. मग तेथल्या जवानाचे रॉकेल, पीठ, डाळ, कांदे, औषध आणि घरचे पत्र, सारे आकाशातूनच जाते. या वाटेचा पहिला प्रवासी म्हणजे एअर कमोडोर मेहरसिंग. २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून त्यांनी डाकोटा विमान लेहच्या वाळवंटी पट्टीवर उतरवले. त्या मार्गाचा कोणताही विश्वासार्ह नकाशा तेव्हा त्यांच्याजवळ नव्हता.

आम्ही पहाटेच्या अंधारात निघत असू. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेदहा हजार फूट उंच. दिवस चढला की वारा उठतो आणि हवा तापून आणखी विरळ होते, म्हणून सकाळी जाऊन सकाळीच परतायचे. डोंगरांमुळे उतरायचे एका दिशेने आणि उडायचे उलट दिशेने. सिंधूच्या दरीत शिरायचे, स्पितुकच्या गोंपाची टेकडी दिसली की धावपट्टी आली. सगळा खेळ डोळ्यांचा. दरीत ढग असतील, तर एका ठरावीक ठिकाणाआधीच माघारी वळायचे. त्यापुढे वळायला जागा उरत नाही.

परत फिरण्यात लाज नाही, हे आम्हाला पुन्हा पुन्हा शिकवले जाई. आणि परत फिरणे म्हणजे सुटका नव्हे, हेही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले एएन-१२ विमान खराब हवेमुळे माघारी वळले आणि रोहतांगच्या परिसरात दिसेनासे झाले. आत १०२ माणसे होती. त्यातल्या काहींचे अवशेष बर्फाने २००३ नंतर थोडे थोडे परत केले. आम्ही त्याच डोंगरांवरून रोज जात होतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

लेहला जाणाऱ्या मालात कधी कधी जिवंत बकऱ्या असत. ठाण्यांवरील जवानांना ताजे मांस मिळावे म्हणून. कागदावर त्यांना ‘मीट ऑन हूफ’ म्हणत आणि वजनाच्या रकान्यात इतर मालासारखेच त्यांचे किलो लिहिलेले असत. जाळ्याने आवळून त्यांना विमानाच्या पोटात उभे करीत. इंजिनांच्या आवाजात त्यांचे ओरडणे कॉकपिटपर्यंत येत नसे. वास मात्र येई.

पहिल्या वेळी एका सहकाऱ्याने माझी अडचण ओळखली. म्हणाला, “आजची फेरी मी घेतो, तू माझी रॉकेलची घे.” क्षणभर मोह झाला. पण बाईजवळ बसून लहानपणी शिकलेले तीन शब्द आठवले, कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्याला संमती देणे. माझी फेरी त्याच्या गळ्यात टाकून मी यातून कसा सुटणार होतो? आणि ज्या जवानासाठी ते मांस चालले होते, तो उणे तीस अंशांत उभा राहून माझ्याही घराची राखण करीत होता. मी नकार दिला आणि विमान नेले. त्यानंतरही अनेकदा नेले. चामुंडराय आणि विमलशाह येथे माझ्या मदतीला येत नाहीत. बकरी कोणाची शत्रू नव्हती. या हिंसेला विरोधी हिंसा म्हणणे म्हणजे शास्त्राला फसवणे होय.

१९८६ च्या फेब्रुवारीतील एक सकाळ मी विसरू शकत नाही. विमानात बकऱ्या होत्या. लेहहून परतताना एका जवानाला चंदीगडला आणायचे होते. हिमनदीवर त्याच्या फुप्फुसांत पाणी झाले होते आणि त्याला लवकर सखल प्रदेशात हलवणे आवश्यक होते. सिंधूच्या दरीत शिरलो तेव्हा पुढे ढगांचा पडदा होता. पूर्ण झाकलेलाही नाही, उघडाही नाही. ते ठरावीक ठिकाण जवळ येत होते. मी विमान वळवले.

नियमाने पाहता ते योग्यच होते. सहवैमानिकानेही मान डोलावली. पण वळताना माझे मन हलके झाले. माघारी फिरताना वैमानिकाचे मन कधी हलके होत नसते. चंदीगडला बकऱ्या उतरवल्या तेव्हा त्यांना आणखी एक दिवस मिळाला, असे वाटून मला आनंद झाला, हे मी कबूल करतो.

अर्ध्या तासाने बातमी आली. आमच्या मागून आलेल्या विमानाला ढगांत फट सापडली होती. ते लेहला उतरले आणि त्या जवानाला घेऊन निघाले. तो वाचला, असे पुढे कळले. पण फट सापडली नसती तर? मी वळलो तो ढगांमुळे की बकऱ्यांमुळे? अहवालात मी ‘हवामान’ एवढेच लिहिले. आजही मला दुसरे काही लिहिता येणार नाही, कारण खरे उत्तर मलाच सापडलेले नाही. दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होते. त्याच बकऱ्या मी लेहला नेल्या.

त्या वर्षी दिवाळीला रजा मिळाली. वीर निर्वाण संवत २५१३ सुरू होत होते. वहीपूजन झाले, मंडळी गेली आणि दुकानात आम्ही दोघेच उरलो. लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या समोर होत्या. मी बापूजींना सगळे सांगितले. नंतर स्वतःच्याच समाधानासाठी म्हणालो, “इतक्या वर्षांत किती आजाऱ्यांना खाली आणले, किती ठाण्यांना पीठ पोचवले. त्यापुढे या बकऱ्या...”

बापूजींनी हात वर करून मला थांबवले. एक वही पुढे ओढून म्हणाले, “बेटा, ही दोन वेगळी खाती आहेत. एकाच्या खात्यावरची जमा दुसऱ्याच्या नावे रकमेत वळती करून हिशेब मिटवायचा नसतो. तसे करणाऱ्याला आपल्या बाजारात काय म्हणतात, ते तुला ठाऊक आहे. जमा असेल ती जमेला राहू दे. देणे आहे ते देणे म्हणून लिही, आणि दरवर्षी नव्या वहीत पुढे ओढ.”

त्यांनी मला दोष दिला नाही आणि माफही केले नाही. हिशेब तेवढा सरळ लिहायला शिकवले. ठासून भरलेले पोते आधी फाटते, हे सांगणारे तेच बापूजी. माझ्या मनात ठासून भरलेले त्या रात्री थोडे सैल झाले.

बापूजी आणि बाई आता नाहीत. भवानी पेठेतले दुकान धाकट्या भावाने केव्हाच मार्केट यार्डात नेले. २००८ च्या मे महिन्यात एएन-३२ दौलत बेग ओल्डीला उतरल्याची बातमी वाचली, तेव्हा मी पेरूगेटाजवळ हातात भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. ४३ वर्षांनी तेथे विमान उतरले होते, आणि तेही आमचे ओझेवाहू. डोळे भरून आले. ती माझी जमेची बाजू. तिचा अभिमान मी लपवीत नाही.

आणि दर संवत्सरीला प्रतिक्रमणाला बसतो तेव्हा सर्व जीवांची क्षमा मागताना एका ठिकाणी थोडा थांबतो. त्या जाळ्यात उभ्या असलेल्या बकऱ्या आठवतात. मग लेहच्या धावपट्टीवर स्ट्रेचरवर माझ्या विमानाची वाट पाहत पडलेला, मी कधीही न पाहिलेला तो जवान आठवतो. दोघांनाही वेगवेगळे ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो.

बाळ, तुझ्या प्रश्नाचे उरलेले उत्तर हे असे आहे. मी जैन होतो आणि फौजेत गेलो. त्यात जे पुण्य घडले ते घडले. जे पाप घडले त्याला मी दुसरे नाव दिले नाही. यंदाच्या पर्युषणात पाठशाळेत पुन्हा बोलावले, तर टाळ्यांच्या उत्तराऐवजी हेच सांगेन.