आलापल्लीचा उभा साग

नागपूरच्या माणसाला साग ठाऊक असतो तो चौकटीचा, पलंगाचा, दिवाणाचा. लकडगंजमधून जाताना आरा मशीनची घरघर आणि भुशाचा वास, एवढीच त्याची आणि आपली सलगी. मुलीच्या लग्नात सागाचे कपाट दिले, हे आपले लोक अजूनही जरा आवाज चढवून सांगतात. पण हाच साग जंगलात कसा उभा असतो, किती वाढतो, त्याच्या शेजारी कोण कोण असते, हे फार थोड्यांनी पाहिले असेल. रस्त्याच्या कडेला कवायतीला उभा केल्यासारखा लागवडीचा साग आपण पाहतो. ते जंगल नव्हे.

मूळचे जुने सागवन पाहायचे तर गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीला जावे. तिथे भामरागडच्या रस्त्यावर 'वनवैभव' नावाचा जंगलाचा एक तुकडा आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे त्याचे इंग्रजी नाव. वनखात्याच्या भाषेत कक्ष क्रमांक ७६ मधले हे ६ हेक्टर, म्हणजे पंधरा एकरांना थोडे कमी. १९५३ सालापासून इथे कुऱ्हाड चाललेली नाही. २०१४ साली शासनाने याला महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले.

जानेवारीच्या अखेरीस प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या मिळाल्या, तेव्हा वस्तीतल्या तीन घरची मिळून आम्ही अकरा माणसे भाड्याच्या क्रूझरने निघालो. गाडीचे भाडे तीन हिश्शांत आणि हिशेबाची वही अर्थातच आमच्याकडे. बरोबर एका घरचे मामाजी होते. वय सत्तरीच्या पुढे. लकडगंजच्या एका आरा मशीनवर त्यांनी अडतीस वर्षे काढली. डाव्या हाताचे एक बोट तिथेच गेले. फंड नाही, पेन्शन नाही. सुनेने आग्रह केला म्हणून आले, नाहीतर त्यांचे म्हणणे होते की लाकूड पाहायला तीनशे किलोमीटर कशाला जायचे.

रस्ता उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा. उमरेडला कोळशाच्या खाणी, भिवापूरला मिरची. नागभीडच्या नॅरोगेज गाडीची आठवण मोठ्या माणसांनी काढली. ती २०१९ साली बंद झाली. ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला आणि त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग अजूनही जंगलाखाली आहे. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शीपर्यंत दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेते दिसतात. खरे रान सुरू होते ते आष्टीच्या पुढे. तिथेच ट्रकही सुरू होतात. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

रात्री आलापल्लीला मुक्काम करून सकाळी लवकर वनवैभवाकडे निघालो. आलापल्लीहून अर्ध्या तासाच्या आत आपण पोचतो. हेमलकशाला जाणाऱ्या कितीतरी गाड्या याच रस्त्याने जातात आणि न थांबता पुढे निघून जातात. आत शिरताना विशेष काही वाटत नाही. दहा-वीस पावले गेल्यावर मात्र पोरांचा गलका आपोआप थांबला. जानेवारीत साग पाने टाकतो. सुपाएवढी वाळकी पाने खाली पडलेली, त्यावर पाऊल टाकले की पापड मोडल्यासारखा आवाज. वर पाहिले तर खोड सरळ गेलेले, फांदी नाही, काही नाही, आणि मान पूर्ण मागे टाकल्यावर कुठे शेंडा.

मामाजी एका झाडापाशी थांबले. बुंध्यावर तळवा ठेवला. मग दोन्ही हात पसरून कवेत घ्यायला गेले, तर झाड मावेना. पलीकडून नातवाने हात लावले, तरी चार बोटांचे अंतर राहिलेच. मामाजी म्हणाले, "माह्या जिंदगीत एवढा साग मी उभा नाही पायला. आमच्यापाशी येत होते ते सारे झोपलेले."

मग ते बोलायला लागले आणि पुढचा तासभर आमचे मार्गदर्शक तेच झाले. ओंडक्याची गोलाई दोरीने कशी मोजतात, त्यावरून घनफूट कसे काढतात, वरचे पांढरे लाकूड कसे सोडून द्यावे लागते आणि आतला तेलकट गाभाच खरा माल कसा. सागाला वाळवी सहसा लागत नाही, ती या गाभ्यातल्या द्रव्यांमुळे. धंद्यात या लाकडाला अजूनही सी.पी. टीक म्हणतात, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा साग. प्रांत जाऊन किती वर्षे झाली, व्यापाऱ्याच्या तोंडी नाव तेच. (इंग्रजीतला 'टीक' आणि तेलुगूतला 'टेकू' एकाच घराण्यातले. आलापल्लीला तेलुगू कानावर पडतेच.) आपण काही वर्षांपूर्वी कार्ल्याची लेणी पाहून आलो होतो, त्याची आठवण आम्ही मामाजींना दिली. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला ज्या लाकडी कमानी आहेत, त्या सागाच्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच आहेत. मामाजी म्हणाले, "त्याले गाभा म्हणतेत."

इथे एक गोष्ट ध्यानात येते. सागाच्या जंगलात नुसता साग नसतो. ऐन आहे, धावडा आहे, बिजा, तेंदू, बेहडा, खाली बांबू, आणि मांडीएवढ्या जाडीच्या वेली. लागवडीत सगळी झाडे एका वयाची, एका जातीची. इथे आजोबा, बाप, नातू एका अंगणात. एके ठिकाणी एक मोठे झाड कोसळून आडवे पडले होते. कुणी उचलून नेलेले नव्हते. अंगावर शेवाळ, अळंबी, पोटात मुंग्यांचे राज्य. मामाजींच्या डोळ्यांत क्षणभर जुना हिशेब चमकला, किती घनफूट वाया चालले! पण त्याच झाडाच्या पडण्याने वर आभाळ मोकळे झाले होते आणि तेवढ्याच उन्हाच्या चौकोनात सागाची कंबरेएवढी रोपे उभी होती. सागाला ऊन लागते. मोठ्यांच्या सावलीत त्याचे पोर वाढत नाही. थोरला पडेपर्यंत त्याला वाट पाहावी लागते.

ही झाडे किती वर्षांची, असे पोरांनी विचारले. नेमका आकडा सांगत नाही, पण एवढे सांगता येते की १९५३ साली ती राखण्याजोगी मोठी होती, म्हणून राखली. सागाला चांगले लाकूड धरायलाच साठ-ऐंशी वर्षे लागतात. तेव्हा शंभरी तर कधीच उलटून गेली.

आता जरा जमाखर्च. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे केले. राखीव जंगल म्हणजे सरकारचे, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा गोंड-माडिया माणूस आपल्याच रानात गुन्हेगार. याच मुलखातले मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. तिथला पिंपळ लोक अजून दाखवतात. इथला साग पुढे शंभर वर्षे आणि त्याहून जास्त काळ बाहेर जात राहिला. ओंडके ओढायला हत्ती पाळले. कमलापूरला त्या हत्तींचा सरकारी कॅम्प आजही आहे. आपल्या वस्तीतल्या मामाजींसारख्यांनी तो साग चिरला. नव्या संसद भवनात, २०२३ साली त्याचे उद्घाटन झाले, तिथे वापरलेला साग 'नागपूरचा' म्हणून सांगतात. नागपूर शहरात काही सागाची रानं नाहीत. नागपूरच्या बाजारातला साग म्हणजे बराचसा याच चांदा-गडचिरोलीच्या जंगलातून उतरलेला.

आणि जमेच्या बाजूला हे ६ हेक्टर. आम्ही मनात आकडेमोड केली. दीड हजार चौरस फुटांचा एक प्लॉट धरला आणि रस्ते सोडलेच नाहीत, तर या जागेत चारशे तीस प्लॉट पडतील. नागपूरच्या एखाद्या मध्यम लेआउटएवढी ही जागा. एवढ्याशा जागेसाठी १९५३ साली, आपले नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते तेव्हा, कुणीतरी कागदावर लिहिले की इथे तोड करायची नाही. आम्ही कारकून माणसे. फाईलवरच्या शेऱ्याने माणसाचे काम कसे अडते ते रोज पाहतो. शेऱ्याने झाड वाचते हे इथे पाहिले.

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात देवराया आहेत. तिथली झाडे देवाच्या धाकाने राहिली. तोडणाऱ्याचे वाटोळे होते, या भीतीने. वनवैभवात आम्हाला कुठे शेंदूर फासलेला दगड दिसला नाही, की नवसाची घंटा दिसली नाही. धाक नाही, तरी झाडे उभी आहेत. आम्हाला हे जास्त मोलाचे वाटले. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याच कायद्याखाली देशातले पहिले वारसा स्थळ २००७ साली झाले ते कर्नाटकात बंगळूरजवळची नल्लूरची जुनी चिंचराई. कायदा असा की गावच्या संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकारने जागा जाहीर करायची.

पण सहा हेक्टरच का, असा प्रश्न आमच्यातल्या एका ताईंनी विचारला तो बरोबरच होता. नमुना म्हणून एक कपडा पेटीत जपून ठेवायचा आणि बाकीचे गाठोडे विकायचे, असेच ना हे? याचे एक उत्तर याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. म्हणजे वनवैभवाच्या तीनशेपट जंगल एका गावाच्या हाती. बांबू कधी, किती तोडायचा हे ग्रामसभा बसून ठरवते. सरकारी कागदाने सहा हेक्टर राखले. माणसांना हक्क दिल्यावर किती राखले जाते, तो आकडा सरकारनेच शेजारी मांडून पाहावा.

आणि आता ते ट्रक. परतताना आलापल्ली ते आष्टी रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक एकामागे एक लागले. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगराचे हे खनिज. रस्त्याकडेच्या सागाची पाने लाल झाली होती. कोवळे सागाचे पान तळहातावर चोळले की लाल रंग निघतो, हे सकाळीच जंगलाबाहेरच्या एका फुटव्यावर पोरांनी करून पाहिले होते आणि हात रंगवून घेतले होते. त्यामुळे धाकटीला वाटले, हाही पानाचाच रंग. खाली उतरून तिने पान पुसले तर बोटाला धूळ लागली. या खाणीने इथल्या पोरांना नोकऱ्या दिल्या, हेही चहाच्या टपरीवर ऐकले. टपरीवाल्याचा भाचाच तिथे लागला होता. त्याच टपरीवर दुसऱ्या एकाने, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, असे सांगितले. दोन्ही खरे असणार.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. नागपूरहून पहाटे निघाले तर दुपारी आलापल्लीला पोचता येते. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. राहण्याची सोय आधी ठरवून जावे आणि वनवैभव पाहण्यापूर्वी आलापल्लीच्या वनकार्यालयात विचारून घ्यावे. पावसाळ्यात सागाला पांढरा मोहोर येतो आणि जंगल हिरवेगार असते, पण नाल्यांना पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. पिण्याचे पाणी, भाकरी बरोबर ठेवावी. आत प्लास्टिक नेऊ नये, बी-पान काही उचलू नये. बिडीकाडीवाल्यांनी तर वाळल्या पानांत काडी ओढूच नये. आमच्या मामाजींनी तीन तास बिडी खिशातच ठेवली, आणि आष्टीचा पूल दिसू लागला तेव्हा गाडी थांबवायला लावली.