ओरिजिनल म्हणजे काय रे भाऊ?

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर 'ओरिजिनल' या शब्दाला भलताच मान आहे. चार्जर ओरिजिनल पाहिजे, बूट ओरिजिनल पाहिजेत. असाइनमेंट तेवढी ओरिजिनल नसली तरी चालते! पण ओरिजिनल म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला पडला तो आजोबांच्या स्कूटरमुळे.

रहाटणीला आमच्या घरी 1984 ची बजाज चेतक आहे. आजोबा गेल्यापासून ती जिन्याखाली धूळ खात उभी होती. आता आजीने हट्ट धरलाय... एकदा तिच्यावर मागे बसून आकुर्डीच्या खंडोबाला जायचं. बजाजचा कारखाना आकुर्डीला, म्हणजे ते स्कूटरचंही माहेरच! पण 2009 मध्ये कंपनीने स्कूटर बंद करायचं जाहीर केलं. 2019 मध्ये चेतक परत आली ती इलेक्ट्रिक होऊन. तिचे पार्ट आमच्या म्हातारीला काय कामाचे?

म्हणून काकांबरोबर मी सुट्या भागांच्या दुकानात गेले. (आम्ही कॉन्व्हेंटवाले, 'सुटे भाग' हा शब्द मी त्या पाटीवरच पहिल्यांदा वाचला!) दुकानदाराने विचारलं, "कंपनीचा देऊ की लोकल?" मी लगेच म्हटलं, "ओरिजिनलच!" काका हसले. त्यांनी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ चालवलाय. म्हणाले, "अगं, कंपनी कुठं सगळे पार्ट स्वतः बनवते? ड्रॉइंग कंपनीचं, हात आमचे."

मग फरक कशात? मटेरियल, हीट ट्रीटमेंट आणि इन्स्पेक्शन. लोकल पार्ट मापाला तंतोतंत असू शकतो, पण स्टील कुठलं आणि किती हार्ड केलंय ते डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक शूचंही तसंच. लायनर दिसायला सारखेच, पण तापल्यावर कुठलं दगा देईल ते सांगता येत नाही. मागे आजी बसणार म्हटल्यावर तिथे पैसे वाचवायचा प्रश्नच नव्हता. नामांकित मेकचे शू घेतले, बिलासकट.

खरी गंमत पुढे आहे. दुकानदाराने जपून ठेवलेलं जुन्या स्टॉकचं ऑइल सील काढलं. पॅकबंद, कंपनीचं, शंभर टक्के ओरिजिनल! काकांनी ते वाकवून बघितलं आणि परत दिलं. रबर डब्यात बसूनही म्हातारं होतं, कडक होतं, चिरतं. आमच्या टू-स्ट्रोक इंजिनात मॅग्नेटोकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिक्श्चर लीन होतं आणि इंजिन तापून जाम होतं. क्लचकडचं गेलं की गिअर ऑइल जळून पांढरा धूर! त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. इथे आजचं विटॉनचं सीलच बरं, मग त्याला कुणी डुप्लिकेट म्हणो.

पत्र्याचं मात्र उलट. बाजारातली नवी डिकी चकाचक होती, पण पत्रा पातळ आणि भोकं जुळेनात. काकांनी जुनीच ठोकून सरळ केली. एक पोचा आजीने मुद्दाम तसाच ठेवायला लावला. तो कसा पडला ते आजोबांनी कधीच सांगितलं नव्हतं म्हणे!

जुन्या गाड्यांच्या 'फिव्हा' या जागतिक संघटनेच्या 2012 च्या ट्युरिन चार्टरमध्येही काढलेले महत्त्वाचे जुने भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत असं म्हटलंय. आपल्याकडच्या 2021 च्या व्हिंटेज नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचं लागतं. ब्रेक शू आणि सील झिजणारच, ती बदलायचीच असतात. आमची चेतक पन्नाशीला यायला अजून थोडी वर्षं आहेत. काढलेले जुने पार्ट आम्ही एका डब्यात भरून ठेवलेत.

तर मित्रांनो, मला सापडलेलं उत्तर सोपं आहे. डब्यावर नाव कुणाचं हे नंतर बघा, आधी त्या पार्टचं काम काय ते विचारा. ज्याच्यावर जीव अवलंबून आहे तिथे आज मिळणारं सगळ्यात चांगलं लावा. ज्यात आठवण आहे ते गंजेपर्यंत सोडू नका.

आमचं इंजिनचं कव्हर मात्र गंजून पार गेलंय. कुणाच्या घरी अडगळीत चेतकचं उजवं कव्हर पडलं असेल तर नक्की कळवा. कॅन्टीनचा चहा माझ्याकडून. ओरिजिनल!